जिम कॉर्बेट: एका गोळीची जबाबदारी

आम्हा कॅडेट्समध्ये रायफलच्या दुर्बिणीवरून नेहमी वाद रंगतो. कोणती दुर्बीण जास्त लांबचे दाखवते, कोणती आपटली तरी टिकते, कोणत्या दुर्बिणीची काच थंडीत धुकट होते, असे तासन्‌तास चालते. आमची शाळा कुमाऊँच्या डोंगरात आहे, त्यामुळे या वादात जिम कॉर्बेट यांचे नाव हमखास निघते. म्हणून मी त्यांचे चरित्र आणि त्यांची पुस्तके वाचून काढली. त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध रायफलवर दुर्बीणच नव्हती, हे वाचून मला नवल वाटले.

कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनिताल येथे झाला. वडील तिथे पोस्टमास्तर होते. जिम लहान असतानाच ते वारले आणि आईने मोठ्या कष्टाने घर सांभाळले. हिवाळ्यात हे कुटुंब खाली कालाढुंगीला राहायला जाई. तिथल्या जंगलात जिम पक्ष्यांचे आवाज आणि जनावरांचे माग ओळखायला शिकले. त्यांची पहिली बंदूक ठासणीची, जुनी दुनळी होती. तिची उजवी नळी फाटलेली होती, आणि नळ्या दस्त्याला पितळी तारेने बांधलेल्या होत्या. चालणारी नळी एकच, त्यामुळे गोळी वाया घालवायची नाही ही सवय बालपणीच लागली.

पुढे त्यांनी रेल्वेत नोकरी धरली. गंगेकाठच्या मोकामा घाटावर माल चढवण्या-उतरवण्याचे कंत्राट त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ सांभाळले. शिकार हा त्यांचा धंदा कधीच नव्हता. नरभक्षक जनावराचा उपद्रव झाला की सरकार त्यांना बोलावी आणि ते रजा काढून जात.

१९०७ साली त्यांनी चंपावतची वाघीण मारली. तिच्या नावावर ४३६ माणसांचे बळी होते. त्या दिवशी कॉर्बेट यांच्याजवळ मोजकीच काडतुसे होती. ती संपली तेव्हा जखमी वाघीण समोरच होती. त्यांनी धावत जाऊन सोबतच्या तहसीलदारांची बंदूक घेतली आणि सुमारे वीस फुटांवरून वाघिणीच्या उघड्या जबड्यावर नेम धरला. गोळी लागली तिच्या पंजाला! ती बंदूक इतकी झिजलेली होती की नळ्या आणि मागचा भाग यांच्यात फट पडली होती. सुदैवाने वाघीण आधीच्या गोळ्यांनीच कोसळली. कॉर्बेट यांच्यासारख्या नेमबाजाचाही नेम परक्या, ढिल्या हत्याराने चुकला.

पण मला या प्रसंगातली पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. वाघीण मेल्यावर त्यांनी तिचे दात तपासले. उजव्या बाजूचा वरचा सुळा अर्धा तुटलेला होता आणि खालचा थेट हाडापर्यंत गेला होता. ती जुनी जखम बंदुकीच्या गोळीची होती. त्या दातांनी तिला नेहमीची शिकार करता येईना, म्हणून ती माणसांकडे वळली. म्हणजे कोण्या शिकाऱ्याने कधीतरी एक गोळी झाडली आणि ती मर्मी न लागता जबड्यावर लागली. त्याला बहुधा वाटले असेल की आपला नेम थोडक्यात हुकला. त्या थोडक्याची किंमत चारशेहून अधिक घरांनी मोजली.

याच कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी कॉर्बेट यांना .२७५ बोअरची रिग्बी रायफल भेट दिली. तिच्या दस्त्यावर तसा मजकूर कोरलेली चांदीची पट्टी आहे. तिला साधी उघडी बॅकसाईट आणि फोरसाईट होती. दुर्बिणी त्या काळीही मिळत, पण त्यांच्या आत ओल शिरे आणि आपटल्यावर त्या जागेवरून सरकत. शिवाय कुमाऊँच्या झाडीत नरभक्षक समोर येई तो हाकेच्या अंतरावर. १९३० साली चौगढची वाघीण त्यांना एका खडकाच्या वळणावर अवघ्या आठ फुटांवर दिसली. डाव्या हातात पक्ष्याची अंडी होती, म्हणून त्यांनी एका हाताने रायफल हळूहळू वळवून चाप ओढला. आठ फुटांवर दुर्बिणीतून केसांचा धूसर पट्टा तेवढा दिसला असता. मला वाटते, ज्या साधनात बिघडण्यासारखे कमी, तेच त्यांना जवळचे वाटत असावे.

नवे साधन त्यांनी झिडकारले मात्र नाही. रुद्रप्रयागच्या बिबट्याने आठ वर्षांत १२५ माणसे मारली होती. मे १९२६ मध्ये गुलाबराय येथे आंब्याच्या झाडावर बसून कॉर्बेट यांनी त्याला टिपले, तेव्हा रायफलला विजेची बॅटरी बांधलेली होती. बटण दाबताच बिबट्या दिसला, नेम बसला, गोळी सुटली आणि त्याच क्षणी बॅटरी विझली. उरलेली रात्र त्यांनी अंधारात बसून काढली. हाताला रायफलची पक्की सवय नसती, तर तो एक क्षण पुरला नसता.

आज दुर्बिणी पुष्कळ सुधारल्या आहेत. नळीत नायट्रोजन भरून ती पक्की बंद करतात, त्यामुळे आतून काच धुकट होत नाही. तरी आमचे उस्ताद सांगतात की दुर्बीण घेताना ती किती पट मोठे दाखवते हे शेवटी बघावे. आधी तिच्या पकडी घट्ट आहेत का, पाणी शिरत नाही ना, आणि धक्का बसल्यावर झिरो टिकतो का, हे बघावे. एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा फरक पडला, तर १०० मीटरवर गोळी सुमारे ३ सेंटिमीटर बाजूला जाते आणि ३०० मीटरवर ९. काळीज आणि जबडा यांच्यातले अंतर असेच सेंटिमीटरांत मोजतात.

पहिल्या महायुद्धात कॉर्बेट ५०० कुमाऊँनी माणसांची तुकडी घेऊन फ्रान्सला गेले. दुसऱ्या महायुद्धात, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांनी ब्रह्मदेशात लढणाऱ्या जवानांना जंगलात वावरण्याचे शिक्षण दिले आणि लेफ्टनंट कर्नल झाले. मधल्या काळात त्यांच्या हातात रायफलपेक्षा कॅमेरा जास्त दिसू लागला होता. १९३६ साली झालेल्या भारतातील पहिल्या राष्ट्रीय उद्यानासाठीही ते झटले. त्यांच्या मृत्यूनंतर त्याला त्यांचेच नाव देण्यात आले. १९४७ मध्ये ते बहीण मॅगीसह केनियाला गेले आणि १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी येथे वारले.

१९७२ च्या कायद्यानंतर आपल्या देशात शिकार बंद झाली आहे, आणि ते योग्यच आहे. पण आपल्यापैकी अनेकांच्या हाती पुढे रायफल येणार आहे. रेंजवर हुकलेली गोळी मागच्या मातीच्या भिंतीत जाते आणि आपण पुढची भरतो. रेंजच्या बाहेर ती कुठेतरी लागतेच. म्हणून रायफल हातात आली की मी आधी साईट तपासतो, मगच काडतूस भरतो.