गिरणी कामगाराचा मुलगा : भगवानदादा



भित्तिपत्रकावर आपण नेहमी संतांची, शास्त्रज्ञांची आणि देशभक्तांची चरित्रे वाचतो. या खेपेला एका हसवणाऱ्या माणसाचे चरित्र दिले आहे. हसवणारा माणूस थोर असतो का, असं कुणाच्या मनात येईल. पुरतं वाचा आणि मग तुम्हीच ठरवा.

आधी थोडं हसवण्याविषयी. तमाशातला सोंगाड्या, दारावर येणारा बहुरूपी आणि सर्कशीतला विदूषक ही सगळी एकाच घरची माणसं. चालता चालता घसरायचं, दार समजून भिंतीला धडकायचं, एकाला मारायला जायचं आणि फटका तिसऱ्यालाच बसायचा, असा हा पडापडीचा विनोद. त्याला भाषा लागत नाही. परदेशात लॉरेल आणि हार्डी या दोघांनी अशाच विनोदाने जग हसवलं. एक इंग्लंडचा हडकुळा, दुसरा अमेरिकेचा जाडजूड. 1927 सालापासून ते पडद्यावर जोडीनं येऊ लागले. त्यांची नावं आपल्याकडं कमी लोकांना ठाऊक असतील, पण जाड्या-रड्या म्हटलं की घरातली मोठी माणसं लगेच ओळखतात.

या विनोदाला इंग्रजीत स्लॅपस्टिक म्हणतात. जुन्या काळी युरोपातल्या नाटकवाल्यांकडे दोन पातळ फळ्या जोडून केलेली एक काठी असायची. ती मारली की फट्ट असा मोठा आवाज व्हायचा, पण ज्याला मारली त्याला फारसं लागायचं नाही. आवाज मोठा आणि मार खोटा, हीच या खेळातली खरी कला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

आता आपल्या मराठी माणसाकडे येऊ.

त्यांचे पूर्ण नाव भगवान आबाजी पालव. जन्म 1 ऑगस्ट 1913. योगायोग बघा, दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपटही त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत लागला. म्हणजे आपला सिनेमा आणि भगवानदादा एकाच वयाचे. त्यांचे वडील मुंबईच्या कापड गिरणीत कामगार होते. घरची परिस्थिती बेताचीच. मुलाला मात्र सिनेमाचं वेड लागलेलं. त्यांनी मजुरीही केली, पण मन सगळं सिनेमात.

तेव्हा चित्रपट मुके होते. पडद्यावरच्या माणसाला तोंडाने काही सांगता येत नसे. राग, भीती, आनंद सगळं अंगानं दाखवावं लागे. भगवान यांना अशा मूकपटांत लहानसहान कामं मिळाली. उरलेल्या वेळी ते स्टुडिओतली सगळी कामं बघून शिकले. कॅमेरा कसा लावतात, प्रकाश कुठून पाडतात, कपडे कसे ठरवतात, तुकडे कसे जोडतात, सगळं. ते वर्गात बसून शिकले नाहीत, काम करता करता शिकले.

1938 साली त्यांनी चंद्रराव कदम यांच्याबरोबर ‘बहादुर किसान’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. तिथून पुढे दहा-अकरा वर्षे त्यांनी मारामारीचे आणि गमतीचे पुष्कळ चित्रपट काढले. त्यात ते स्वतः बहुधा भोळ्याभाबड्या माणसाचं काम करीत. पैसा थोडाच असे. एक अख्खा चित्रपट ते 65,000 रुपयांत पुरा करीत. त्यासाठी नटांचे कपडे ठरवण्यापासून सगळ्यांच्या जेवणाची व्यवस्था करण्यापर्यंत सगळं स्वतः बघत. घरचं लग्न काढल्यावर मोठा भाऊ जसा मांडवापासून पंगतीपर्यंत धावतो ना, तसंच. म्हणून दादा हे नाव त्यांना शोभून दिसतं.

अमेरिकेतला डग्लस फेअरबँक्स हा उड्या मारणारा, तलवार फिरवणारा नट त्यांना फार आवडे. त्याच्यासारख्या उड्या आणि मारामाऱ्या दादा स्वतः करीत. हे चित्रपट बघायला गिरणीतले आणि गोदीतले कामगार गर्दी करायचे. दिवसभर यंत्रापाशी उभं राहून थकलेला माणूस चार आणे टाकून पोटभर हसून घरी जायचा. मोठमोठे लोक अशा चित्रपटांना हलकं समजत. पण थकलेल्या माणसाला हसवणं हलकं काम कसं म्हणायचं?

याच काळात त्यांना एक मित्र मिळाला, रामचंद्र चितळकर. अहमदनगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) पुणतांब्याचा हा माणूस पुढे सी. रामचंद्र म्हणून मोठा संगीतकार झाला. भगवानदादांनी तमिळ भाषेतही चित्रपट केले. 1941 सालचा ‘वनमोहिनी’ हा त्यातला एक. त्याचं संगीत याच मित्राचं. 1942 साली ‘सुखी जीवन’ या हिंदी चित्रपटाचं संगीतही दादांनी त्यांनाच दिलं. चिनी युद्धात पडलेल्या जवानांसाठी लता मंगेशकर यांनी 1963 साली दिल्लीत जे गाणं म्हटलं आणि जे आपण 26 जानेवारीला ऐकतो, त्याची चाल याच सी. रामचंद्र यांची.

आता ती फळीची गोष्ट आठवा. 1942 सालीच ‘जंग-ए-आझादी’ नावाच्या चित्रपटाचे चित्रीकरण चालू होते. त्यात भगवानदादांनी ललिता पवार यांना थप्पड मारायची, असा प्रसंग होता. थप्पड खोटी बसायला हवी होती, ती खरीच जोरात बसली. ललिताबाईंचा चेहरा एका बाजूने लुळा पडला. सुमारे तीन वर्षे उपचार घ्यावे लागले आणि डाव्या डोळ्यात कायमचा दोष राहिला. त्या नायिकेची कामं करीत, ती कामं बंद झाली. नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याची ही बाई मात्र खचली नाही. त्यांनी खाष्ट सासूची आणि प्रेमळ आईची कामं अशी केली की लोक त्यांना विसरलेच नाहीत. दूरदर्शनवरच्या ‘रामायण’ मालिकेतली मंथरा ती हीच. मुद्दाम कुणी कुणाला दुखावलं नव्हतं, तरी एका क्षणाच्या चुकीची किंमत दुसऱ्याला जन्मभर मोजावी लागली. दादांच्या चरित्रात हा प्रसंग लपवून चालणार नाही.

दादांनी 1942 साली ‘जागृती पिक्चर्स’ ही स्वतःची संस्था काढली होती. 1947 साली, देश स्वतंत्र झाला त्या वर्षी, चेंबूरला जागृती स्टुडिओ उभा केला. कामगाराचा मुलगा स्टुडिओचा मालक झाला. मग राज कपूर यांनी त्यांना मारामारी सोडून घरगुती गोष्टीचा चित्रपट काढायचा सल्ला दिला. दादांनी तो मानला आणि 1951 साली ‘अलबेला’ आला. निर्माता, दिग्दर्शक आणि नायक सगळं दादाच. नायिका गीता बाली. संगीत मित्राचं, आणि दादांसाठी गाण्याचा आवाजही मित्राचाच. गाणी लिहिली राजेंद्र कृष्ण यांनी.

गोष्ट साधी होती. गरीब घरातला प्यारेलाल, त्याला नाटकाचं वेड. घरच्यांच्या मते तो बिनकामाचा. बोलणी खाऊन तो घर सोडतो आणि रंगभूमीवर नाव काढतो. ही गोष्ट थोडीफार दादांचीच नव्हे का? चित्रपट जोरात चालला. त्यातली अंगाई आजही घराघरांत म्हणतात.

पण सगळ्यांत गाजला तो दादांचा नाच. दादा काही उंच नव्हते, देखणे नव्हते. अंगानं गोल, धष्टपुष्ट. ते ना गिरकी घेत, ना मोठी उडी मारीत. खांदे हलवायचे, हात हलके हलके वर-खाली करायचे, पावलं लहान टाकायची आणि तोंडावर हसू ठेवायचं, बस्स. बघणाऱ्याला वाटायचं की हे तर मलाही येईल. आणि खरंच यायचं! लग्नाच्या वरातीत, गणपतीच्या मिरवणुकीत, ज्याला नाचता येत नाही तोही असाच तर नाचतो. पुढे अमिताभ बच्चन, मिथुन चक्रवर्ती आणि गोविंदा यांच्या नाचात दादांची ढब लोकांना दिसली ती यामुळेच.

त्यानंतर दादांचे दिवस फार चांगले आले. जुहूला समुद्रासमोर 25 खोल्यांचा बंगला झाला. सात मोटारी झाल्या, आठवड्याच्या रोजच्या वाराला एक! ऐकून नवल वाटतं, होय ना?

पण हे दिवस टिकले नाहीत. 1953 साली ‘झमेला’ काढला, मंडळी तीच, तरी ‘अलबेला’सारखा चालला नाही. 1956 साली ‘भागम भाग’ आला, तोही नाही. ‘हंसते रहना’ नावाचा चित्रपट अर्ध्यावरच राहिला. दादा एका चित्रपटाचा पैसा दुसऱ्यात घालत. एका पिकाचे सगळे पैसे पुढच्या पेरणीत घातले आणि पाऊस आला नाही की काय होतं, ते आपल्या भागातल्या माणसाला सांगायला नको. बंगला गेला, मोटारी गेल्या, स्टुडिओही राहिला नाही. दादा परत दादरच्या चाळीत राहायला आले.

पैसा गेल्यावर माणसंही गेली. आधी ज्यांची रीघ लागायची, ते फिरकेनासे झाले. सी. रामचंद्र, नट ओमप्रकाश आणि गीतकार राजेंद्र कृष्ण हे तिघे मात्र चाळीत येऊन त्यांना भेटत राहिले. सात मोटारींतून फिरलेल्या माणसाजवळ शेवटी तीन मित्र उरले. पण उरले ते खरे.

दादा रुसून घरी बसले नाहीत. ज्यानं स्वतः नायकाचं काम केलं, स्टुडिओ चालवला, तोच माणूस दुसऱ्यांच्या चित्रपटांत मिळेल ते लहान काम करू लागला. व्ही. शांताराम यांच्या ‘झनक झनक पायल बाजे’ (1955) आणि राज कपूर-नर्गिस यांच्या ‘चोरी चोरी’ (1956) मध्ये त्यांना बरी कामं मिळाली होती. पुढं पुढं तर दोन मिनिटांची कामं राहिली. कुणीतरी गाण्यात नाचायला बोलवायचं. दादा जायचे, तीच चार पावलं टाकायचे आणि लोक हसून टाळ्या वाजवायचे. कामाची लाज त्यांनी धरली नाही.

4 फेब्रुवारी 2002 रोजी दादरच्या राहत्या घरी हृदयविकाराच्या झटक्यानं त्यांचं निधन झालं. वय 88 होतं. 2016 साली त्यांच्या जीवनावर ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट निघाला. त्यात मंगेश देसाई यांनी भगवानदादांचं काम केलं.

मित्रांनो, या चरित्रातून काय घ्यायचं? पैसा आला की थोडा बाजूला ठेवावा, हे तर घ्यावंच. पण दादा सगळं घालवूनही सगळं घालवून बसले नाहीत. बंगला विकावा लागला, नाच कुणाला विकता आला नाही. तो लोकांनी आधीच उचलला होता. आज एखाद्या वरातीत एखादे आजोबा खांदे हलवत चार पावलं टाकतात, तेव्हा त्यांना भगवानदादांचं नावही आठवत नसेल, तरी पावलं त्यांचीच असतात.

आणि एक काम करून पाहा. स्नेहसंमेलनात विनोदी नाटुकलं बसवाल, त्यात मारामारी असेल, तर हात गालापासून वीतभर लांबून फिरवा. ज्याला मार बसतो त्यानं मान झटक्यानं वळवावी आणि पडद्यामागच्या मुलानं त्याच क्षणी जोरात टाळी वाजवावी. आवाज मोठा होईल, लोक हसतील आणि लागणार कुणालाच नाही.