ओराबाई वॉशिंग्टन

भगिनींनो, खेळात नाव काढलेल्या बायकांची चरित्रे आपल्या वाचनात कमीच येतात, म्हणून अमेरिकेतल्या ओराबाईंची हकीकत देते. जन्म व्हर्जिनियातल्या खेड्यात, शेतकऱ्याच्या मोठ्या कुटुंबात. वर्णाने काळ्या. पुढे त्या फिलाडेल्फिया शहरी आल्या आणि तिथल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संस्थेत टेनिस खेळू लागल्या. कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय स्पर्धेत १९२९ ते १९३५ ओळीने सात वर्षे व पुन्हा १९३७ साली एकेरीचे अजिंक्यपद त्यांचेच. पण गोऱ्यांच्या स्पर्धांत त्यांना मज्जाव! गोऱ्यांची विजेती हेलन विल्स हिच्याशी त्यांचा सामना व्हावा असे पुष्कळांना वाटे. तो कधीच झाला नाही.

हिवाळा आला की बास्केटबॉल. शहरातल्या ‘ट्रिब्यून’ वर्तमानपत्राने बायकांचा संघ उभा केला होता. ओराबाई त्यात मध्यस्थानी खेळत. संघ गावोगाव जाई, लोक तिकीट काढून सामने पाहत. १९३४ साली त्यांनी बेनेट कॉलेजच्या मुलींना तिन्ही सामन्यांत हरवले. दहाएक वर्षे त्यांच्यापुढे क्वचितच कोणी टिकले.

एवढे असून पोटासाठी ओराबाई परक्यांच्या घरी घरकाम करीत. चषक घेणारे हात तेच, आणि दुसऱ्यांचे घर आवरणारेही तेच! हे वाचून मी बराच वेळ हातातले काम विसरले.

१९७१ साली त्या वारल्या. १९७६ साली कृष्णवर्णीय खेळाडूंच्या सन्मानयादीत त्यांना स्थान मिळाले, तेव्हा त्या हयात नाहीत हे संयोजकांना ठाऊकच नव्हते. बास्केटबॉलच्या मोठ्या सन्मानयादीत त्यांचे नाव लागायला २०१८ साल उजाडले.