मुन्शी प्रेमचंद आणि चित्रपटसृष्टी

हिंदी व उर्दू या दोन्ही भाषांतील थोर कादंबरीकार मुन्शी प्रेमचंद यांचे नाव आपल्या सभासद कुटुंबांतील बहुतेकांस ठाऊक आहे; परंतु त्यांनी काही महिने मुंबईत दादर येथे वास्तव्य केले होते, हे फारच थोड्यांस माहीत असेल.

त्यांचा जन्म काशीजवळील लमही या खेड्यात ३१ जुलै १८८० रोजी झाला. मूळ नाव धनपतराय. चुनार येथील शाळेत दरमहा अठरा रुपयांवर त्यांनी शिक्षकी पत्करली. (तेवढ्या पगारात संसाराची तोंडमिळवणी कशी होते, हे आम्हा शिक्षकांस वेगळे सांगावयास नको.) पुढे १९२१ साली महात्मा गांधींचे भाषण ऐकून त्यांनी सरकारी नोकरीचा राजीनामा दिला. त्यानंतर काशीस काढलेला छापखाना आणि 'हंस' व 'जागरण' ही नियतकालिके यांनी मात्र त्यांस कर्जात लोटले.

'सेवासदन' ही त्यांची कादंबरी मुळात उर्दूत लिहिलेली, परंतु प्रथम हिंदीत प्रसिद्ध झालेली. मुलीच्या हुंड्यासाठी आयुष्यभर सचोटीने वागलेला पोलीस अधिकारी लाच घेतो व तुरुंगात जातो. मुलगी सुमन विजोड स्थळी पडते, नवरा तिला घराबाहेर घालवितो आणि ती काशीच्या दालमंडीत पोहोचते. हुंड्याचा हा विषय आपल्या घरांनाही परका नाही, हे खेदाने म्हणावे लागते. अशी कथा बोलपटाद्वारे निरक्षर माणसापर्यंतही जाईल, ही त्यांची आशा होती. १९३४ च्या आरंभी तिचे हक्क साडेसातशे रुपयांस गेले व महालक्ष्मी सिनेटोनने नानुभाई वकील यांच्या दिग्दर्शनाखाली चित्रपट काढला. सुमनचे दुःख बाजूस पडून नाचगाण्यास महत्त्व आले, आणि लेखकाची घोर निराशा झाली.

तरीही त्याच वर्षी अजंठा सिनेटोनच्या मोहन भवनानी यांचे आमंत्रण स्वीकारून ते मुंबईस आले. वर्षाला आठ हजार रुपये ठरले होते. या रकमेतून कर्ज फेडावे व स्वस्थपणे लिहावे, हा हेतू. येथे त्यांनी 'मजदूर' या चित्रपटाची कथा लिहिली व त्यात पंचाची छोटी भूमिकाही केली. गिरणीमालक व कामगार यांच्या झगड्याचे हे चित्र मुंबईच्या परीक्षण मंडळास मानवले नाही. मंडळावर गिरणीमालकांचे प्रतिनिधीही होते, मग दुसरे काय व्हावयाचे! चित्रपटावर बंदी आली. विशेष असे की, त्याच वर्षी काशीस त्यांच्या स्वतःच्याच छापखान्यातील कामगारांनी थकलेल्या पगारासाठी संप केला. मालक म्हणून प्रेमचंदांना तो किती झोंबला असेल, याची कल्पनाच करावी. आज 'मजदूर'ची एकही प्रत उपलब्ध नाही.

निर्मात्यांची दृष्टी केवळ गल्ल्यावर, लेखकाच्या शब्दास किंमत नाही, हे त्यांनी मित्रांस पत्रांतून कळविले. प्रकृतीही ढासळत चालली होती. अखेर कराराचे वर्ष पुरे होण्यापूर्वीच, एप्रिल १९३५ मध्ये, त्यांनी मुंबई सोडली. आमच्या मते हा निर्णय साहित्याच्या हिताचाच ठरला, कारण काशीस परतल्यावर त्यांनी 'गोदान' ही कादंबरी पुरी केली. ती १९३६ साली प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी ८ ऑक्टोबर रोजी त्यांचे निधन झाले.

'सेवासदन'वर मद्रासकडे के. सुब्रह्मण्यम् यांनी तमिळ चित्रपट काढला व तो गाजला. एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांचा तो पहिला चित्रपट. तो पडद्यावर आला १९३८ साली.