नवरा गेला, आता देश कोणता?

दर गुरुवारी दुपारी आमच्या महिला मंडळात बायका कागद घेऊन येतात. कुणाला रेशनकार्डावर नाव चढवायचं असतं, कुणाला नवऱ्याच्या मागे पेन्शनचा अर्ज भरायचा असतो. मी साधी बी.ए. झालेली गृहिणी, वकील नव्हे. पण फॉर्म भरून भरून हात बसलाय.

गेल्या वर्षी मात्र एक काकू असा प्रश्न घेऊन आल्या की मी गप्पच झाले. त्यांचे जावई अमेरिकेत अचानक गेले. मुलगी तिकडेच, पदरात चार वर्षांचं लेकरू. आणि तिचा व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवर अवलंबून! तो नाही, तर हिचा तिथे राहण्याचा हक्कही नाही. पोरीला धड रडायलासुद्धा सवड नाही, असं सांगताना काकूंचा आवाज फुटत नव्हता.

त्या मुलीसाठी माहिती शोधता शोधता मला कला बगाई सापडल्या. मैत्रिणींनो, त्यांची गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी.

कलाबाईंचा जन्म १८९२ चा, अमृतसरचा. लग्न झालं पेशावरच्या वैष्णोदास बगाई यांच्याशी. वैष्णोदास इंग्रजांवर चिडलेले, गदर पक्षाच्या विचारांचे. गुलाम देशात मुलं वाढवायची नाहीत, असं त्यांनी ठरवलं. १९१५ च्या सप्टेंबरात हे जोडपं तीन लहान मुलांना घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला पोचलं. तिथल्या एंजल आयलंडवर अधिकाऱ्यांनी त्यांना काही दिवस अडकवून ठेवलं. वैष्णोदासांनी बरोबर आणलेले पंचवीस हजार डॉलर दाखवले, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. वर्तमानपत्रात बातमी आली ती कलाबाईंच्या नाकातल्या हिऱ्याची. त्या शहरात भारतीय बाई दिसणंच इतकं दुर्मीळ होतं!

पुढे त्यांनी शेजारच्या बर्कलीत घर घेतलं. सामान घेऊन गेले, तर शेजाऱ्यांनी घराला कुलूप ठोकलेलं. हे लोक इथे नकोत म्हणून. कलाबाईंनीच नको म्हटलं. आपल्या मुलांना उद्या कुणी काही केलं तर? कुठल्याही आईच्या मनात हेच येणार. मंडळी सॅन फ्रान्सिस्कोला परतली. तिथे वैष्णोदासांनी दुकान चालवलं आणि १९२१ मध्ये अमेरिकेचं नागरिकत्वही मिळवलं.

पण १९२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्याचा निकाल दिला. (हे आपले शहीद भगतसिंग नव्हेत. हे पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात असलेले एक शीख गृहस्थ.) भारतीय माणूस गोरा ठरत नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही, असा तो निकाल. मग आधी दिलेली नागरिकत्वंही सरकार काढून घेऊ लागलं. वैष्णोदासांचंही गेलं. नागरिक होऊ न शकणाऱ्याला कॅलिफोर्नियात जमीन बाळगता येत नव्हती, त्यामुळे मालमत्ता विकावी लागली. भारतात जाऊन यावं म्हटलं, तर अमेरिकेचा पासपोर्ट मिळेना. ब्रिटिश पासपोर्टवर जा म्हणून सांगण्यात आलं. ज्यांच्या राज्यातून बाहेर पडले, त्यांचाच पासपोर्ट घ्यायचा? १९२८ च्या मार्चमध्ये वैष्णोदासांनी आयुष्य संपवलं. मागे पत्रं ठेवली. आपण स्वतःचं आणि मुलांचं काय करून ठेवलं, हा त्यांचा सवाल एका वर्तमानपत्रात छापूनही आला.

आता कलाबाईंचा विचार करा. वय पस्तीस-छत्तीस. तीन मुलं. अंगावर दुःखाचा डोंगर. त्या काळी बायकोचं नागरिकत्व साधारणपणे नवऱ्याच्या मागोमाग चालायचं. त्याला मिळालं तर तिला, त्याचं गेलं तर तिचंही. म्हणजे त्या आता कुठल्याच अर्थाने अमेरिकेच्या नव्हत्या. माहेरी किंवा सासरी परतण्याचा रस्ता उघडा होता. पण १९२४ च्या कायद्याने नागरिक होऊ न शकणाऱ्यांना नव्याने येऊन स्थायिक व्हायला बंदी घातली होती. एकदा निघालं की मागचं दार बंद! मुलांची शाळा, मित्र, सगळं इथलं. आणि राहायचं, तर हक्क कसलाच नाही.

कलाबाई राहिल्या. व्यवहार हाती घेतला, मुलांना वाढवलं, कॉलेजात पाठवलं. पुढे महेशचंद्र या कुटुंबाच्या मित्राशी त्यांनी दुसरं लग्नही केलं. त्या काळातली विधवा, तीन मुलांची आई, आणि दुसरं लग्न! मला तरी त्यांचं फार कौतुक वाटलं. १९४६ मध्ये कायदा बदलला, भारतीयांना नागरिकत्व खुलं झालं, आणि मग कलाबाईही नागरिक झाल्या. या वेळी कुणाच्या मागोमाग नाही, स्वतःच्या अर्जावर. नव्याने येणाऱ्या भारतीय कुटुंबांना त्यांच्या घरी जेवायला बोलावणं असायचं. १९८३ साली त्या गेल्या.

आज कायदे पुष्कळ बदललेत. नवरा अमेरिकन नागरिक असेल आणि तो गेला, तर पत्नी दोन वर्षांच्या आत स्वतः ग्रीन कार्डसाठी अर्ज करू शकते. मात्र तोवर तिने दुसरं लग्न केलेलं नसावं लागतं. पूर्वी त्यासाठी लग्नाला दोन वर्षं झालेली असावी लागत. ती अट २००९ मध्ये गेली. त्याच वर्षीच्या कायद्यामुळे, नवऱ्याच्या हयातीत ग्रीन कार्डची प्रक्रिया सुरू झाली असेल आणि पत्नी तेव्हा तिथेच राहत असेल, तर काही प्रकरणांत ती पुढे नेता येते. पण जिच्याकडे फक्त एच-फोर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीवरचा व्हिसा आहे, तिचा आधार नवऱ्याबरोबरच जातो. तिला शिक्षणाचा किंवा नोकरीचा स्वतःचा व्हिसा शोधावा लागतो, तोही लगेच. काकूंची मुलगी यातच सापडली होती.

तिच्या वकिलाने लग्नाचा दाखला मागवला. तो मराठीत. त्यावर तिचं माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरी बदललेलं. दोन्ही एकच बाई हे सिद्ध करायला गॅझेटचा कागद हवा, आणि तो कपाटात नेमका सापडेना! तीन आठवडे त्यात गेले. आपण हौसेने उखाण्यात नाव घेतो, तांदळात नवं नाव लिहितो, पण कागदांचं काय? अखेर सगळं जमलं. आता ती तिथे शिकतेय, लेकरू शाळेत जातंय. पुढचं पुढे.

तेव्हापासून परदेशी निघालेल्या प्रत्येक लेकीला मी एकच सांगते. लोणच्याच्या बरणीआधी स्वतःच्या कागदांची फाइल भर. नवऱ्याच्या व्हिसाचा प्रकार विचार, ग्रीन कार्डचा अर्ज कुठवर आलाय ते विचार. यात अभद्र काही नाही. विमा काढतोच ना आपण?

आणि हो, ज्या बर्कलीत कलाबाईंच्या घराला कुलूप ठोकलं होतं, तिथल्या एका रस्त्याला नाव देण्याचा निर्णय २०२० साली तिथल्या नगर परिषदेने घेतला. रस्त्याचं नाव आहे, कला बगाई वे. त्यात नवऱ्याचं आडनाव आहे, पण आधी तिचं स्वतःचं आहे.