१०८ पौंडांचा जिमी

माझं लहानपण सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेलं. गावच्या जत्रेत कुस्त्यांचं मैदान भरे आणि सुरुवात पोरासोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी होई. मी इतका किडकिडीत की तालमीतले सोबती माझ्या बरगड्या मोजत. एका वर्षी माझ्याहून डोईभर उंच पोर समोर उभं राहिलं आणि मी लढणारच म्हणून हट्ट धरला. वस्तादांनी काही न बोलता माझं मनगट धरलं आणि मला आखाड्याबाहेर काढलं. जोड बघूनच कुस्ती लावायची, हा त्यांचा नियम. त्यांचा मला इतका राग आला की कित्येक वर्षं तो उतरला नाही.

तो उतरला जिमी वाइल्डची कहाणी वाचल्यावर. मुष्टियुद्ध म्हटलं की आपल्याकडे महंमद अली आठवतो, धिप्पाड हेवीवेट आठवतात. जिमी वाइल्ड हा त्या सगळ्यांच्या दुसऱ्या टोकाचा माणूस. उंची सव्वापाच फुटांच्या आत, वजन १०८ पौंडांच्या आसपास, म्हणजे जेमतेम ४९ किलो. चेहरा फिकट, हातपाय काटकुळे. तरीही जाणकार आजही फ्लायवेट गटातला सर्वश्रेष्ठ लढवय्या म्हणून त्याचंच नाव घेतात.

जिमीचा जन्म १५ मे १८९२ रोजी वेल्समध्ये झाला. बाप कोळशाच्या खाणीत राबणारा, आणि पोरालाही वेगळी वाट नव्हती. ऱ्होंडा खोऱ्यातल्या टायलर्सटाउन गावी तो लहान वयातच खाणीत उतरला. जिथे मोठ्या माणसाचे खांदे अडकत, तिथे हा सरपटत जाई. दिवसभर आडवं पडून कोळसा फोडायचा, तोही हात पुरता मागे न नेता. एवढ्याशा देहात त्या ठोशांची ताकद आली कुठून, याचं निम्मं उत्तर त्या अंधाऱ्या बोगद्यांत आहे असं मला वाटतं.

उरलेलं निम्मं जत्रेतल्या तंबूंत. त्या काळी वेल्समध्ये गावोगाव मुष्टियुद्धाचे तंबू लागत. मालकाचे लढवय्ये फळीवर उभे राहत आणि प्रेक्षकांतल्या कुणीही त्यांच्याशी दोन हात करावेत, टिकला तर बक्षीस, असा मामला. जॅक स्कॅरट नावाच्या मालकाच्या तंबूत जिमी लढू लागला. समोर येत ते खाणकामगार आणि शेतगडी, कधी दीडपट तर कधी दुप्पट वजनाचे. हे पोरगं बघून लोक आधी हसत आणि मग हसणं थांबे. अशा किती लढती झाल्या याची मोजदाद कुणालाच नाही.

त्याच सुमारास त्याचं लग्न झालं. एलिझाबेथचे वडील डाय डेव्हिस हे स्वतः जुने लढवय्ये, त्यांनीच जावयाला चार गोष्टी शिकवल्या. बायकोला मात्र नवऱ्याचं हे वेड मुळीच पसंत नव्हतं. तिच्या नकळत तो लढून येई आणि चेहऱ्यावरच्या खुणा लपवता लपवता त्याच्या नाकी नऊ येत. शेवटी तिनं हार मानली, आणि मानली ती अशी की सरावाला जोडीदार नसला तर हातमोजे घालून तीच समोर उभी राहू लागली, असं सांगतात. संसार म्हणतात तो हाच!

१९०९ साली लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबनं वजनाचे आठ गट ठरवले. त्यात सर्वांत खालचा फ्लायवेट, कमाल ११२ पौंडांचा. दुसरे लढवय्ये त्या आकड्यात बसण्यासाठी उपाशी राहत, घाम गाळत. जिमी पोटभर जेवून, कपड्यांसकट काट्यावर उभा राहिला तरी चाले. म्हणजे ज्या गटाचा तो राजा झाला, त्या गटातही तो इतरांहून हलकाच होता. साहजिकच त्याचे बहुतेक प्रतिस्पर्धी त्याच्याहून जड असत.

शेकड्याच्या घरात लढती होऊनही तो अपराजित होता. जानेवारी १९१५ मध्ये स्कॉटलंडच्या टॅन्सी लीनं त्याला सतराव्या फेरीत हरवलं. जिमी तेव्हा आजारातून नुकता उठला होता. त्याच्या माणसांनी टॉवेल टाकला आणि लढत थांबवली, याचाच त्याला जास्त राग आला. पुढच्याच वर्षी त्यानं लीला अकराव्या फेरीत हरवून परतफेड केली आणि १८ डिसेंबर १९१६ रोजी लंडनमध्ये अमेरिकेच्या यंग झुलू किडला नमवून तो फ्लायवेटचा जगज्जेता ठरला. महायुद्ध चालू होतं. जिमी लष्करात जवानांना शारीरिक शिक्षण देत होता. १९१८ साली जो कॉनशी झालेल्या लढतीचे पैसे लष्करी नियमांमुळे घेता येईनात, तेव्हा बायकोच्या हाती हिऱ्यांची थैली पोचवली गेली अशी कथा आहे.

लहानखुऱ्या माणसानं थोरामोठ्यांना लोळवावं ही गोष्ट कुणाला आवडत नाही? लोकांना ती इतकी आवडली की वजनाला अर्थच नाही असं सगळे मानू लागले. घोटाळा असा झाला की जिमीही ते मानू लागला.

१३ जानेवारी १९२१. लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल. समोर पीट हर्मन, नुकताच वरच्या गटाचं, म्हणजे बँटमवेटचं जगज्जेतेपद गमावलेला अव्वल लढवय्या, जिमीहून दहा पौंडांपेक्षा जास्त भारी. वजनाच्या अटीवरून वाद पेटला आणि जिमीनं लढायला नकार दिला. पण प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा आठवा एडवर्ड, लढत बघायला आला होता. राजपुत्राला रिकामं कसं पाठवायचं? जिमी रिंगमध्ये उतरला. सतराव्या फेरीत तो पुन्हापुन्हा पडला, पुन्हापुन्हा उठला. अखेर पंच जॅक स्मिथ यांनीच त्याला उचलून कोपऱ्यात नेलं.

तिथेच थांबायला हवं होतं. जवळपास अडीच वर्षं तो लढलाही नाही. पण जगज्जेतेपद अजून त्याच्याकडे होतं आणि रक्कम मोठी होती. १८ जून १९२३ रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर ३१ वर्षांचा जिमी २१ वर्षांच्या फिलिपिनो पांचो व्हिलासमोर उभा राहिला. इथे वजनाची तक्रार नव्हती, पण वयाची जोडही जोडच असते! सातव्या फेरीत जिमी तोंडावर कोसळला. त्यानंतर तो कधीच लढला नाही. व्हिला तरी किती जगला? दोनच वर्षांनी, दाताच्या दुखण्यातून झालेल्या संसर्गानं तो २३व्या वर्षी गेला.

जिमी पुढे पुष्कळ जगला. वृत्तपत्रात मुष्टियुद्धावर लिहीत असे, १९३८ साली त्याचं आत्मचरित्रही आलं. कमावलेला पैसा मात्र धंद्यांत बुडाला. १९६५ साली कार्डिफच्या रेल्वे स्टेशनवर लुटारूंनी या ७३ वर्षांच्या म्हाताऱ्याला मारहाण केली. आपण कुणावर हात टाकतो आहोत हे त्यांच्या गावीही नसेल. त्यातून तो सावरला नाही. १९६७ मध्ये एलिझाबेथ गेली आणि १० मार्च १९६९ रोजी जिमीही गेला.

त्याच्या नावावर दीडशेच्या आसपास लढती नोंदल्या आहेत आणि त्यांत पराभव अवघे चार-पाच. आकडे बघून मान आदरानं लवते. पण मला आठवतात ते त्याला उचलून नेणारे जॅक स्मिथ. सतराव्या फेरीत त्यांनी जे केलं, ते माझ्या वस्तादांनी माझ्या बाबतीत सलामी झडण्याआधीच केलं होतं. त्या संध्याकाळी अल्बर्ट हॉलमध्ये राजपुत्र होता, हजारो चाहते होते. जिमीचं मनगट वेळेवर धरणारं मात्र कुणी नव्हतं.