विश्लेषण : शत्रूच्या ताब्यातील देशाला रेशन पुरवणारा इंजिनीअर, हर्बर्ट हूवर यांनी बेल्जियमला उपासमारीतून कसे वाचवले?

अमेरिकेचे ३१वे अध्यक्ष हर्बर्ट हूवर यांचे नाव निघाले की १९२९ची महामंदी आठवते. त्या काळात बेघरांच्या झोपडपट्ट्यांना त्यांच्याच नावावरून ‘हूवरव्हिल’ म्हटले जात होते. मात्र याच हूवर यांनी पहिल्या महायुद्धात जर्मनव्याप्त बेल्जियममधील ७० लाखांहून अधिक लोकांना अडीच वर्षांहून अधिक काळ धान्य पुरवले होते.

अनाथ मुलगा ते खाण अभियंता

हूवर यांचा जन्म १० ऑगस्ट १८७४ रोजी आयोवा राज्यातील वेस्ट ब्रांच या गावी क्वेकर पंथीय कुटुंबात झाला. वडील लोहारकाम करत. वयाच्या दहाव्या वर्षापूर्वीच आई-वडील दोघेही गेले आणि मुलाला ओरेगॉनमधील मामांकडे पाठवण्यात आले. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पहिल्याच तुकडीतून १८९५ मध्ये भूगर्भशास्त्राची पदवी घेऊन ते खाण व्यवसायात शिरले. ऑस्ट्रेलिया आणि चीनमधील खाणींत त्यांनी मोठी कमाई केली. १९१४ मध्ये युद्ध पेटले तेव्हा ते लंडनमध्ये होते. युरोपात अडकलेल्या हजारो अमेरिकी नागरिकांना मायदेशी पाठवण्याच्या कामातून त्यांचे नाव पुढे आले.

बेल्जियमवर ही वेळ का आली?

जर्मन सैन्य ४ ऑगस्ट १९१४ रोजी बेल्जियममध्ये घुसले. उद्योगप्रधान बेल्जियम बहुतांश धान्य आयात करत असे. ब्रिटनने सागरी नाकेबंदी केल्याने ही आयात थांबली. व्याप्त प्रदेशाला पोसणे ही ताबा घेणाऱ्याची जबाबदारी, असे ब्रिटनचे म्हणणे होते. तर नाकेबंदी ब्रिटनची आहे, त्यामुळे उपासमारीची जबाबदारीही त्यांचीच, अशी जर्मनीची भूमिका होती. या ओढाताणीत सामान्य माणसाच्या ताटातली भाकरी अडकली.

रेशनची यंत्रणा कशी चालायची?

ऑक्टोबर १९१४ मध्ये ‘कमिशन फॉर रिलीफ इन बेल्जियम’ स्थापन झाले आणि हूवर त्याचे प्रमुख झाले. त्यांनी दोन्ही बाजूंकडून अटी मान्य करून घेतल्या. ब्रिटनने धान्याची जहाजे सोडायची आणि जर्मनीने त्या धान्याला हात लावायचा नाही. कमिशनचे मोठे फलक लावलेली जहाजे तटस्थ नेदरलँड्समधील रॉटरडॅम बंदरात येत. तेथून कालव्यांतील नौकांमधून माल बेल्जियमच्या गोदामांत जाई. पुढचे वाटप एमिल फ्रँकी यांच्या नेतृत्वाखालील बेल्जियन राष्ट्रीय समिती आणि तिच्या गावोगावच्या समित्या करत. बेकरीवाल्याला त्याच्याकडे नोंदलेल्या ग्राहकांच्या संख्येनुसारच पीठ मिळे. ज्यांना परवडत होते ते पैसे मोजत, तर निराधारांना मदत मिळे. मुलांसाठी शाळेत दुपारचे जेवणही सुरू झाले. १९१५ पासून उत्तर फ्रान्समधील सुमारे २० लाख लोकही या योजनेत आले.

रिकाम्या पोत्यांचाही हिशेब

धान्य जर्मन छावणीत गेले असते तर ब्रिटनने जहाजे लगेच रोखली असती. त्यामुळे गळतीवर नजर ठेवण्यासाठी अमेरिकी प्रतिनिधी नेमले गेले. ऑक्सफर्डमध्ये शिकणारे अनेक अमेरिकी तरुण त्यांत होते. पिठाच्या रिकाम्या सुती पोत्यांचीही मोजदाद होई, कारण कापसाचा उपयोग स्फोटके बनवण्यासाठी होत असे. बेल्जियन स्त्रियांनी यातील अनेक पोत्यांवर भरतकाम करून ती अमेरिकेला पाठवली.

पैसा कोठून आला?

देणग्या जगभरातून आल्या, पण त्या पुरेशा नव्हत्या. मोठा वाटा ब्रिटन, फ्रान्स आणि नंतर अमेरिका या देशांच्या सरकारांनी उचलला. हूवर यांनी स्वतः या कामाचे वेतन घेतले नाही. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरल्यावर तेथील देखरेख स्पॅनिश आणि डच प्रतिनिधींकडे गेली. हूवर वॉशिंग्टनला अन्न प्रशासक म्हणून परतले. तेथे मात्र घरोघरी सक्तीच्या रेशनऐवजी त्यांनी गहू आणि मांस न खाण्याचे ठरावीक दिवस स्वेच्छेने पाळण्याचे आवाहन केले.

मग प्रतिमा का बदलली?

१९२८ची निवडणूक जिंकून ते अध्यक्ष झाले आणि काही महिन्यांतच शेअर बाजार कोसळला. लाखो लोक बेरोजगार झाले. केंद्र सरकारने थेट नागरिकांना मदत देऊ नये, ते काम स्थानिक संस्थांचे आणि दानशूरांचे, असे हूवर यांचे मत होते. १९३० च्या दुष्काळात जनावरांच्या चाऱ्यासाठी कर्ज देण्यास त्यांची तयारी होती, पण माणसांना थेट अन्न देण्यास विरोध होता. बेल्जियमची मोहीम प्रामुख्याने सरकारी पैशावरच उभी राहिली होती, ही विसंगती विरोधकांनी नेमकी हेरली. १९३२ मध्ये त्यांनी राज्यांना मदतकार्यासाठी कर्ज देण्याच्या कायद्यावर सही केली, पण तोवर उशीर झाला होता. त्याच वर्षी फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी त्यांचा दणदणीत पराभव केला.

भारताशी संबंध काय?

दुसऱ्या महायुद्धात नाझीव्याप्त देशांसाठी तशीच मोहीम काढण्याचा हूवर यांचा प्रयत्न फसला. अन्नाचा फायदा जर्मनीलाच होईल, या कारणाने चर्चिल यांनी नाकेबंदी सैल करण्यास नकार दिला. युद्धानंतर अध्यक्ष ट्रुमन यांनी त्यांना जगभरातील अन्नटंचाईची पाहणी करायला पाठवले. त्या दौऱ्यात एप्रिल १९४६ मध्ये ते भारतातही आले. बंगालच्या १९४३ मधील दुष्काळाच्या आठवणी तेव्हा ताज्या होत्या आणि मुंबईकरही त्याच वर्षापासून रेशनच्या रांगेत उभे होते.

२० ऑक्टोबर १९६४ रोजी वयाच्या ९०व्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये हूवर यांचे निधन झाले. अमेरिकेत त्यांची ओळख मंदीशी जोडली गेली ती कायमचीच. बेल्जियममध्ये मात्र चौकांना आणि रस्त्यांना त्यांचे नाव आहे.