विश्लेषण : सुगरणींची वसाहत, पण घरटे कोणाचे? सलीम अली यांना किहीममध्ये काय दिसले?

पनवेलहून कर्नाळा, पेण, वडखळ करत अलिबागच्या दिशेने गेले की किहीम लागते. पक्षी-प्राणी एकटे राहतात की थव्याने, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही, हे १९३० मध्ये याच गावात एका बेरोजगार अभ्यासकाने दाखवून दिले. ते होते सलीम अली.

किहीमपर्यंतचा प्रवास

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आई-वडील लवकर गेले. खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी ते वाढले. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली, गळ्यावर पिवळा ठिपका असलेली चिमणी कोणती, हे विचारायला ते लहानपणी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले आणि पक्ष्यांचे वेड लागले. पुढे ब्रह्मदेशात व्यवसाय, मग प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये नोकरी, बर्लिनमध्ये एर्विन स्ट्रेसमान यांच्याकडे शिक्षण. परतले, तर पैशांअभावी त्यांची जागाच रद्द झाली होती. विद्यापीठाची पदवी नाही, तिशी उलटलेली. पत्नी तेहमिना यांच्यासह ते किहीमला राहायला गेले.

शिडीवरून काय दिसले?

घराजवळच सुगरणींची वसाहत होती. शिडीवर आडोसा बांधून सलीम अली त्या पावसाळ्यात तासन् तास बसू लागले. मराठीत या पक्ष्याचे नाव स्त्रीलिंगी. विणकर मात्र नर! गवताच्या, भाताच्या पात्यांचे धागे काढून तो घरटे अर्धे विणतो आणि थांबतो. माद्या येऊन अर्धवट घरटी आतून तपासतात. एखादीला पसंत पडले तरच जोडी जमते. मग नर लांब नळीसारखे प्रवेशद्वार पूर्ण करतो. मादी अंडी उबवायला बसली, की तो शेजारी दुसरे घरटे विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी! अर्धवट सोडलेल्या घरट्यांचा उलगडा असा झाला. नापसंत घरटी तशीच लटकत राहतात.

म्हणजे वसाहत एकत्र असली तरी ते एकत्र कुटुंब नव्हे. सुगरणी दाणे टिपायला थव्याने जातात, एकाच झाडावर घरटी करतात, पण अंडी उबवण्याचे काम एकट्या मादीचे. कर्नाळ्यासारख्या रानात वेगवेगळ्या जातींचे पक्षी मिळून किडे टिपत फिरतात, ती सोबत आणखी निराळी.

डायनोसॉरच्या बाबतीत ही अडचण मोठी आहे. नर्मदेच्या खोऱ्यात, धार जिल्ह्यात सापडलेली त्यांची ९२ घरटी आणि २५६ अंडी यांची माहिती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. घरटी जवळजवळ असल्याने त्यांचीही वसाहत असावी, असा अंदाज बांधता येतो. पण त्या वसाहतीत कोण कोणाशी कसे वागत होते, ते दगडात उमटत नाही. त्यासाठी जिवंत जनावरासमोर बसून राहावे लागते.

नंतरची वर्षे

सुगरणीवरील निबंध १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात आला आणि सलीम अली यांचे नाव अभ्यासकांत झाले. तेहमिना १९३९ मध्ये गेल्या. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे पुस्तक १९४१ मध्ये आले. डिलन रिप्ले यांच्यासोबत दहा खंडांचा ग्रंथ झाला. १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभेवर नियुक्ती झाली. २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. गोव्यात मांडवीतील चोडण बेटावरच्या पक्षी अभयारण्याला त्यांचे नाव आहे.